बांधावरचे झाड आणि कागदावरचे नाव

१/ २०२३ साली मराठवाड्यात जुन्या कागदांचा मोठा शोध सुरू झाला. निजामकालीन दप्तरे, मोडी आणि उर्दू नोंदी, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक यांतून आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे धुंडाळली गेली. ज्यांनी हे कागद हाताळले त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. पानामागून पाने उलटली तरी स्त्रीचे नाव क्वचितच भेटते. भेटलेच तर ‘भ्र.’ किंवा ‘जौजे’ या शब्दाला टेकून, म्हणजे अमुक याची पत्नी अथवा विधवा म्हणून.

२/ आजचा थ्रेड हिंगोली जिल्ह्यातील या न सापडणाऱ्या नावांविषयी आहे. प्रश्न साधा आहे. ज्या शेतात आणि रानात बाईने आयुष्य काढले, तिथल्या कागदावर तिचे नाव केव्हा आले? उत्तर शोधताना आपण झाडांच्या मागाने जाणार आहोत. जमिनीचा सारा भरला जातो, म्हणून तिची नोंद होते. बांधावरच्या बाभळीच्या शेंगांची, मोहाच्या फुलांची नोंद कोणी ठेवत नाही. आणि घर तर त्यांवरही चालत असते. थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचावा.

३/ आधी भूगोल. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके. वसमतकडे पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, कसदार जमीन. औंढा, कळमनुरी, सेनगावकडे डोंगर, मुरमाड माळ आणि विरळ रान. मधून कयाधू वाहते, उत्तरेच्या सीमेवर पैनगंगा. गावांची नावे पाहा: पिंपळदरी, जांभरून, आंबाचोंढी. माणसांनी झाड पाहून वस्ती केली, हे नावेच सांगतात.

४/ एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथांत हिंगोली येते ती हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीमुळे आणि ठगांच्या तपासामुळे. घोडदळ, कप्तान, दरोडे, फाशी असा तो इतिहास रंगतदार आहे. पण छावणीतील घोड्यांना रोज हिरवा चारा लागे, चुलींना रोज सरपण लागे. गवताचा भारा आणि लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन बाजारात येणाऱ्या हातांची कथा त्या ग्रंथांत नाही. या प्रदेशाचा अर्थव्यवहार मात्र अशा भाऱ्यांवरही उभा होता.

५/ हे हात किती जुने? हाल सातवाहनाच्या नावाने ओळखला जाणारा ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह गोदावरीच्या खोऱ्यातलाच. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. त्या गाथांत राजे थोडे आणि शेतकरी कुटुंबे फार. कापसाची शेते आहेत, पिकाची राखण आहे आणि मोहाची फुले वेचणारी स्त्रीही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मराठवाड्यात शेत आणि रान ही दोन वेगळी जगे नव्हती. ती एकाच घराची दोन कोठारे होती.

६/ तेराव्या-चौदाव्या शतकात या। परिसराने दोन मोठी नावे दिली. परंपरेनुसार संत नामदेवांचे मूळ गाव नरसी, हिंगोली तालुक्यात. जनाबाई शेजारच्या गंगाखेडच्या. जनाबाईंच्या नावावरील अभंगांत दळण, कांडण, झाडलोट आणि शेण वेचणे ही कामे देवाच्या सोबतीने होतात. त्यांच्या गोवऱ्यांची आख्यायिका तर सर्वश्रुत आहे. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर हा स्त्रीच्या दिवसभराच्या श्रमांचा फार जुना आणि दुर्मीळ दस्तऐवज आहे.

७/ गोवरीचा संबंध झाडाशी आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. जवळ रान असेल तर चुलीत काटक्या जातात आणि शेण उकिरड्यावरून शेतात जाते. रान दूर गेले की शेण थापून त्याची गोवरी होते. म्हणजे जे खत जमिनीत जायचे ते चुलीत जळते. झाडे तुटल्याचा फटका आधी बाईच्या पायांना बसतो, कारण सरपणाची वाट लांबते. नंतर तो पिकाला बसतो. जमिनीचा कस उतरला याची चर्चा चावडीवर होते. वाट लांबली याची चर्चा पाणवठ्यावरच राहते.

८/ आता एकच झाड घेऊ: बाभूळ. तिचे खोड सुताराकडे जाते. त्यातून नांगर, वखर, बैलगाडीचे भाग होतात. हा पुरुषांचा व्यवहार. साल कातडी कमावायला जाते. शेंगा शेळ्यांना, डिंक घरात किंवा बाजारात, काटेरी फांद्या कुंपणाला, डहाळ्या चुलीला. हा बहुतांशी बाईचा व्यवहार. झाड विकले तर पैसे एकदाच आणि कारभाऱ्याच्या हाती येतात. झाड उभे राहिले तर थोडे थोडे वर्षभर आणि तिच्या हाती येते. बांधावरचे झाड तोडायचे की ठेवायचे, या घरातल्या वादाला हे कारण असते.

९/ डोंगराकडच्या गावांत, विशेषतः आंध समाजाच्या वस्त्यांत आणि बंजारा तांड्यांवर, हा हिशेब आणखी मोठा होतो. चैत्रात पहाटे मोहफुले वेचायची, वाळवायची, साठवायची. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावायचे. उन्हाळ्यात डिंक, चारोळी, टेंभुर्णीची पाने आणि फळे. पावसाळ्याच्या तोंडावर निंबोळ्या. शेतात काम नसते तेव्हाच रानात काम असते. खरीप संपल्यावरची पोकळी हीच भरून काढी, आणि सावकाराच्या दारी जाण्याचे दिवस काही अंशी तरी पुढे ढकलले जात.

१०/ बिब्याचे उदाहरण सांगतो. बिब्याच्या बीचे कवच फोडले की आत गोडंबी मिळते. पण कवचातले तेल जहाल. अंगाला लागले की बिबा उततो, फोड येतात, कातडी काळवंडते. या पट्ट्यात गोडंबी काढण्याचे काम गरीब घरांतील स्त्रियांनीच केले. तीच गोडंबी आणि तोच डिंक बाळंतिणीच्या लाडवात पडतो. एका बाईची झीज भरून काढण्यासाठी दुसरीने हात पोळून घेतलेले असतात. लाडू वळताना हे कोणाला आठवत नाही.

११/ राज्यसत्ता या व्यवहारात कशी शिरली? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या राज्यात वनखाते उभे राहिले. रानाचे राखीव भाग पडले, मौल्यवान वृक्षजातींवर सरकारी हक्क आला. दुसरीकडे अबकारी हे राज्याच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. त्यामुळे मोह आणि शिंदी ही झाडे महसुलाच्या नजरेखाली आली. सरकारी दृष्टीने मोह म्हणजे दारू. बाईच्या दृष्टीने तेच फूल दुष्काळात भाकरीत मिसळायचे अन्न होते. कागदावर पहिला अर्थ राहिला.

१२/ पैनगंगा ओलांडली की राज्य बदलत असे. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होते. हिंगोली मात्र निजामाकडेच राहिली. नदीच्या त्या काठी, पुसद येथे, १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. हा प्रसिद्ध जंगल सत्याग्रह. सत्याग्रहासाठी गवतच का निवडले, हे पाहण्यासारखे आहे. जसे मिठाशिवाय घर नाही, तसे गवत-सरपणाशिवाय या भागात घर नाही. सत्याग्रहींनी जाहीरपणे जे एकदा केले, ते गावातल्या बाया पोटासाठी रोज भीत भीत करीत होत्या.

१३/ अलीकडच्या काठी हा प्रश्न १९४७-४८ मध्ये पेटला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. हेतू स्पष्ट होता: अबकारीचे उत्पन्न बुडवायचे. निजामाच्या तिजोरीवर तो थेट घाव होता, आणि मराठवाड्याच्या स्मृतीत तो अभिमानाने राहिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य मुक्त झाले.

१४/ पण शिंदीला दुसरीही बाजू आहे. तिच्या पानांपासून केरसुण्या आणि चटया होतात. केरसुणी बांधणे हा मातंग समाजातील अनेक कुटुंबांचा परंपरागत व्यवसाय. पाने चिरणे, वाळवणे, बांधणे, मग दारोदार विकणे, यांत स्त्रियांचा मोठा वाटा. दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजली जाते ती हीच. मुक्तिसंग्रामाचे मोल याने तसूभरही कमी होत नाही. मात्र एकाच झाडात सरकारला महसूल, सत्याग्रहीला शत्रू आणि एका बाईला कच्चा माल दिसत होता, हे इतिहास लिहिताना विसरू नये.

१५/ स्वातंत्र्यानंतर कागद बदलले. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने संरक्षित कुळांना हक्क दिले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. कसणाऱ्याच्या नावे जमीन होऊ लागली ही मोठी गोष्ट होती. पण ‘कसणारा’ म्हणजे घरातील कर्ता पुरुष, हे गृहीत जसेच्या तसे राहिले. पेरणी त्याची म्हणून पीक त्याचे. खुरपणी, वेचणी, सोंगणी, उफणणी तिची, आणि त्यांना मात्र ‘मदत’ म्हटले गेले.

१६/ मग बहात्तरचा दुष्काळ आला. आजही मराठवाड्यातील वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात काळ ‘बहात्तरच्या आधी’ आणि ‘नंतर’ असा विभागला जातो. मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी हे त्या काळाचे तीन शब्द. गावोगाव दुष्काळी कामे निघाली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. तान्ही मुले झाडाच्या सावलीत झोळीत ठेवून बायांनी दगड फोडले, माती वाहिली. पुढे हीच व्यवस्था कायम झाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

१७/ आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते. रोजगार हमीच्या मस्टरवर बाईचे नाव स्वतंत्र कामगार म्हणून लागले, पुढे तिचा अंगठा उमटला. कुणाची ‘भ्र.’ म्हणून नव्हे, काम मागणारी म्हणून. पुरुषाइतकाच कामाचा दर आणि कामावर मुले सांभाळण्याची सोय हेही कायद्यात होते. प्रत्यक्षात काम टोळीने आणि मोजमापावर चाले, त्यामुळे पैसे कारभाऱ्याच्या हाती जाण्याच्या वाटा होत्याच. तरीही अनेक घरांतील बाईचे नाव असलेला पहिला सरकारी कागद हा मळका मस्टरच होता.

१८/ १९९० च्या सुमारास रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब अशी झाडे खासगी शेतांत सरकारी खर्चाने लागली. कोरडवाहू महाराष्ट्राचे रूप या योजनेने पालटले, हे निर्विवाद. पण रचना पाहा. खड्डे खणायला आणि कळशीने पाणी घालून रोपे जगवायला मजूर म्हणून बाई. लाभार्थी मात्र सातबाराधारक. मस्टर तिचे, बाग त्याची. रोप जगवण्याची मजुरी दोन-तीन वर्षांत संपते. झाडाचे फळ पुढची कित्येक वर्षे येत राहते.

१९/ तिचे उरलेले काम आकडेवारीत कुठे बसते? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात प्रत्येक व्यक्तीला कामाचा एक संकेतांक मिळतो. घरकामासोबत सरपण, चारा, रानभाज्या गोळा करणाऱ्या, घरासाठी शिवणटिपण करणाऱ्या व्यक्तींसाठी संकेतांक ९३ आहे. आणि हा संकेतांक ‘श्रमशक्तीबाहेर’ या गटात मोडतो. म्हणजे शेळ्यांचा पाला, चुलीचे लाकूड, भाकरीसोबतची भाजी आणणारी बाई शासकीय हिशेबात काम करीतच नाही. निजामाच्या दप्तरात ती नव्हती; आधुनिक तक्त्यात ती आहे, पण ‘बाहेर’ या रकान्यात.

२०/ हा रकाना बदलण्याचा मोठा प्रयत्न शेतकरी संघटनेतून झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरले. त्यातून पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम मांडला: शेतकऱ्याने स्वखुशीने जमिनीचा एक तुकडा पत्नीच्या नावे करावा. अनेक गावांनी तो केला. १९९२ मध्ये राज्य शासनाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. देशभर तो २००५ मध्ये आला.

२१/ हक्क मिळणे आणि नाव लागणे यांत मात्र तलाठी कार्यालयाचा उंबरठा असतो, आणि भावकीचाही. महिला किसान अधिकार मंच या संघटनेने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींची पाहणी केली. त्यांपैकी ४० टक्के स्त्रियांना, ज्या जमिनीत त्या राबत होत्या तिचा हक्क मिळालेला नव्हता. नाव नसेल तर पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही. बांधावरचे झाड तोडायचे की ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकारही नाही.

२२/ जंगलाच्या कागदावर नाव येण्याची वाट २००६ च्या वनहक्क कायद्याने खुली केली. कलम ४(४) प्रमाणे विवाहित दावेदाराचा हक्क पती आणि पत्नी या दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. गौण वनोपजावरची मालकी गोळा करणाऱ्यांची, हेही कायद्याने मान्य केले. कळमनुरी-औंढ्याकडील आंध कुटुंबे अनुसूचित जमातीत येतात. बंजारा समाज महाराष्ट्रात त्या यादीत नाही, म्हणून त्याला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्याकडे कधी कागदच नव्हता, त्यांनी तो आणावा कुठून?

२३/ इथे कायद्याने इतिहासकारालाही शिकवणारी एक गोष्ट केली. वनहक्क नियमांत पुराव्यांची यादी आहे, आणि तिच्यात गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले कथनही आहे. दावेदार सोडून इतर वृद्धांनी सांगावे: पाणवठा कुठे होता, मोह कोणाच्या वाट्याचा, वहिवाट कोणाची. म्हणजे गोधडी शिवत बसलेल्या आजीची आठवण पुरावा म्हणून फायलीत लागू शकते. हाच विचार हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी वेगळ्या रीतीने केला होता. त्यांच्या चमूने खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. लिहिता न येणाऱ्या स्त्रियांचे ते दप्तरच.

२४/ आज? वसमतची हळद २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनापर्यंत पोहोचली. लागवड, खुरपणी, काढणीमागची वेचणी, हळकुंडे आणि गड्डे वेगळे करणे, या प्रत्येक टप्प्यावर बायांचे हात आहेत. २०१४ मध्ये भारताने राष्ट्रीय वनशेती धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारा तो जगातील पहिला देश ठरला. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे आणि साठवणे यांवरील जुने निर्बंध हटवले. बांधावर झाडे राखण्याला आता अनुदान आहे, योजना आहेत. अर्जासोबत सातबारा जोडावा लागतो, आणि प्रश्न पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

२५/ १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात आईचे नाव बंधनकारक झाले आहे. शंभर वर्षांनी कोणी आपली दप्तरे उलटील, तेव्हा त्याला निदान ते सापडेल. त्याआधीच्या पिढ्यांचे काम आपल्याकडे आहे.

२६/ म्हणून वाचकांना एक विनंती. घरचा सातबारा काढा आणि त्यावर किती स्त्रियांची नावे आहेत ते मोजा. मग आजीपाशी बसा. तिच्या माहेरच्या आणि सासरच्या बांधावर कोणती झाडे होती, त्यांचे काय काय घरात येई, पैसे कोणाच्या हाती जात, आणि कोणते झाड केव्हा तुटले, हे विचारा. तारीख, गाव आणि तिचे पूर्ण नाव घालून लिहून ठेवा. ‘भ्र.’ न लावता.

(समाप्त. तुमच्या आजीने सांगितलेले झाड खाली जरूर लिहा. तालुका आणि गाव लिहायला विसरू नका.)